पूर्व आफ्रिकेत ऑर्थोपेडिक सर्जन म्हणून काम करायचे असेल तर

एम.एस. किंवा डी.एन.बी. होऊन बाहेर पडलेल्या तरुण अस्थिरोगतज्ज्ञांपैकी काहींना विकसनशील देशांत काम करण्याची इच्छा असते, पण त्यासाठी काय शिकावे, कोणाकडे अर्ज करावा आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे, याची माहिती मराठीत एकत्र सापडत नाही. हा लेख टांझानिया, मलावी आणि युगांडा हे देश डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तिन्ही ठिकाणी वैद्यकीय कामकाज इंग्रजीत चालते, भारतीय डॉक्टर तिथल्या लोकांना अपरिचित नाहीत आणि हाडांच्या कामाची गरज प्रचंड आहे. युगांडा आणि टांझानियात ‘बोडाबोडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाड्याच्या मोटारसायकलींचे अपघात हे तिथल्या वॉर्डांतील गर्दीचे मोठे कारण आहे. २०१५ साली लॅन्सेट आयोगाने जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच आयोगाने जिल्हा रुग्णालयाची क्षमता तपासण्यासाठी ज्या तीन शस्त्रक्रिया कसोटी म्हणून निवडल्या, त्यांत सिझेरियन आणि पोट उघडण्याची शस्त्रक्रिया यांच्या जोडीने उघड्या फ्रॅक्चरचा उपचार आहे.

निघण्यापूर्वी काय शिकावे

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण इथे राहिलेली उणीव तिथे भरून निघत नाही. मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात प्रशिक्षण झालेल्या सर्जनचा हात सी-आर्म, पॉवर ड्रिल आणि कंपनीच्या माणसाने आणून दिलेला इम्प्लांटचा संपूर्ण सेट यांना सरावलेला असतो (सी-आर्म म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारे एक्स-रे यंत्र). यांतले एकही नसताना फ्रॅक्चर बसवता येते का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून हाताने हाड बसवून प्लास्टर घालणे, प्लास्टरला वेज देऊन कोन सुधारणे, फंक्शनल ब्रेस वापरणे, टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, वरच्या भागातून पिन घालून ट्रॅक्शन (वजनाने हाड ताणून ठेवणे) लावणे आणि थॉमस स्प्लिंट नीट बसवणे या गोष्टी पुन्हा मन लावून शिकाव्यात. आपल्याकडे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात या गोष्टी घाईघाईने उरकल्या जातात आणि पुढे विसरल्या जातात. मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरसाठी पर्किन्स पद्धतीचे ट्रॅक्शन, ज्यात रुग्ण पलंगावरच लवकर गुडघ्याची हालचाल सुरू करतो, मलावीत वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. ते योग्य रीतीने लावले आणि रोज तपासले तर बहुतेक हाडे जुळतात. मात्र त्यासाठी सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पलंग अडतो आणि घरातला कमावता माणूस तेवढा काळ आडवा राहतो, ही त्याची खरी किंमत आहे.

शस्त्रक्रियांपैकी कोणत्या याव्यात, याचा क्रम माझ्या मते असा आहे. सर्वांत आधी उघड्या जखमेचे पुरेसे डिब्राइडमेंट (मेलेला व दूषित भाग कापून काढणे), मग सी-आर्मशिवाय एक्स्टर्नल फिक्सेटर (हाड बाहेरून धरून ठेवणारी पिनांची चौकट), फॅशिओटॉमी (सुजलेल्या स्नायूंवरचा दाब उतरवण्यासाठी त्यांचे आवरण उघडणे) आणि पुढे कृत्रिम पाय बसेल असे अँप्युटेशन, म्हणजे पाय कापणे. त्यानंतर त्वचारोपण आणि नडगी झाकण्याचे साधे फ्लॅप (शेजारचा स्नायू किंवा त्वचा रक्तपुरवठ्यासह वळवून आणणे), म्हणजे वरच्या तृतीयांशासाठी गॅस्ट्रॉक्नेमियस, मधल्यासाठी सोलिअस आणि खालच्यासाठी रिव्हर्स सुरल. प्लास्टिक सर्जन शेकडो किलोमीटर दूर असतो, त्यामुळे हाड उघडे पडलेली नडगी झाकण्याचे काम तुमच्याच वाट्याला येते. आर्थ्रोस्कोपी किंवा सांधेरोपणाची फेलोशिप वाईट नाही. दार-ए-सलाममधील मुहिम्बिली ऑर्थोपेडिक इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत तिचा उपयोगही होईल, परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी पहिली नेमणूक घेणाऱ्याने तेच वर्ष सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ट्रॉमा विभागात काढावे, असे मी सुचवेन.

महाराष्ट्रातील डॉक्टरांसाठी बॉण्डचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे, वर्ष ही या दृष्टीने उत्तम संधी आहे आणि ती टाळण्याच्या खटाटोपात अनेक जण ती वाया घालवतात. गडचिरोली, नंदुरबार किंवा अमरावतीच्या आदिवासी भागात काम केलेल्याला सिकलसेलचा रुग्ण नवा नसतो. आफ्रिकेत या आजारामुळे हाडात होणारा जंतुसंसर्ग, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ऑक्सिजन, शरीराचे तापमान व पाणी सांभाळण्याची निकड या सर्वांशी वारंवार गाठ पडते. मणक्याच्या क्षयाबाबतही आपल्याकडचा अनुभव मोलाचा आहे. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७०च्या दशकात मांडलेला ‘मध्यम मार्ग’, म्हणजे सर्वांना औषधोपचार आणि ठरावीक कारणांसाठीच शस्त्रक्रिया, हा जिथे मणक्याची मोठी शस्त्रक्रिया शक्यच नाही तिथे आजही उपयोगी पडतो.

वाट कोणती निवडावी

ढोबळमानाने चार वाटा आहेत. सरकारी किंवा विद्यापीठाचे रुग्णालय, धर्मादाय अथवा मिशन रुग्णालय, ‘मेडसाँ साँ फ्राँतिएर’ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) किंवा रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती यांसारख्या आणीबाणीत काम करणाऱ्या संस्था आणि नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला येथील खासगी रुग्णालये. शेवटची वाट उत्पन्नासाठी सरळ आहे, पण तिथला रुग्णवर्ग आणि काम पुण्या-मुंबईतल्या कामापेक्षा फारसे वेगळे नसते.

आणीबाणीच्या संस्था सर्जनला अनेकदा काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी बोलावतात आणि युद्धजखमांचे त्यांचे नियम पक्के असतात. गोळी किंवा स्फोटाची जखम पहिल्या दिवशी साफ करून उघडीच ठेवायची आणि काही दिवसांनी, साधारण चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बंद करायची, हा त्यांतला पहिला नियम. अशा ठिकाणी केवळ हाडांचे काम करणाऱ्यापेक्षा पोट उघडता येणारा आणि प्रसंगी सिझेरियन करणारा सर्जन अधिक उपयोगी ठरतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या अनुभवाची यादी प्रामाणिकपणे तयार करावी.

दीर्घकाळच्या कारकिर्दीसाठी मात्र पहिल्या दोन वाटा योग्य. ब्लँटायरमधील क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल, मोशी येथील किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर, दार-ए-सलाममधील अपंगांसाठीचे सी.सी.बी.आर.टी. आणि युगांडातील किसुबी येथील कोर्सू ही अशा कामाची परिचित केंद्रे आहेत. पहिली नेमणूक अशा एखाद्या केंद्रात, जिथे आधीपासून एक तरी अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ आहे तिथेच घ्यावी. एकट्याने दूरच्या रुग्णालयात पहिली नोकरी धरण्यात धाडस असेल, पण त्या धाडसाची किंमत रुग्ण मोजतात. मुदत किमान एक वर्षाची असावी, कारण तुम्ही बसवलेले हाड जुळले की नाही हे पाहायलाच निम्मे वर्ष जाते. दोन आठवड्यांच्या शिबिरांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही; पाठपुरावा करणारा स्थानिक चमू आधीच उभा असेल तरच त्यांचा उपयोग होतो.

पगाराबाबत संकोच न करता लेखी विचारावे. सरकारी पगार भारतातील खासगी व्यवसायाच्या तुलनेत कमी असू शकतो, धर्मादाय संस्था राहण्याची सोय आणि विमानभाडे देतात पण बचत थोडीच होते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असेल तर ते फेडून किंवा त्याची व्यवस्था लावूनच निघावे.

कागदपत्रे आणि लसी

प्रत्येक देशाच्या वैद्यकीय परिषदेची, उदाहरणार्थ मेडिकल कौन्सिल ऑफ टांगानिका किंवा मेडिकल कौन्सिल ऑफ मलावी, स्वतंत्र नोंदणी लागते आणि तिच्याशिवाय रुग्णाला हात लावणे बेकायदा आहे. त्यासाठी पदव्यांच्या प्रती, अनुभवाचे दाखले आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे सद्वर्तन प्रमाणपत्र, ज्याला ‘गुड स्टँडिंग’ म्हणतात, हे सर्व लागते. या प्रमाणपत्राचा अर्ज महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमार्फत पुढे जातो. पदव्यांवर देशानुसार अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) किंवा दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते. या साऱ्याला महिने लागू शकतात, म्हणून नोकरीचे पत्र हाती पडण्याआधीच सुरुवात करावी. परदेशी असतानाही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी श्रेयांक गोळा करावे लागतात. परत येऊन व्यवसाय करण्याच्या वेळी हे न केल्याचा मनस्ताप होतो.

पीतज्वराची लस घेऊन १० दिवस झाल्यावर तिचे प्रमाणपत्र वैध ठरते आणि २०१६पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. ज्या देशांत पीतज्वराचा धोका आहे तिथून भारतात परतताना ते विमानतळावर तपासले जाते. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे असे गृहीत न धरता रक्तातील प्रतिकारकांची पातळी तपासून घ्यावी. एचआयव्हीचे प्रमाण या भागात आपल्यापेक्षा बरेच जास्त आहे आणि हाडांचे धारदार तुकडे, वायर व पिन हाताळणाऱ्याला सुई टोचण्याचा धोका रोजचाच असतो. टोचल्यास प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, म्हणून ती औषधे रुग्णालयात कोठे ठेवली आहेत हे पहिल्याच दिवशी विचारावे. मलेरियाची प्रतिबंधक गोळी आणि मच्छरदाणी यांबाबत आळस करू नये.

पहिला महिना

पहिल्या महिन्यात कमीत कमी शस्त्रक्रिया कराव्यात. ओपीडीत आणि प्लास्टर रूममध्ये स्थानिक सहकाऱ्यांच्या शेजारी बसावे. मलावीत बहुतेक फ्रॅक्चर डॉक्टर नव्हे, तर ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे एम.बी.बी.एस. नसलेले पण या कामाचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी, हाताळतात. त्यांच्या विशेष प्रशिक्षणाची सुरुवात १९८०च्या दशकात झाली आणि जिल्हा रुग्णालयांतील हाडांचा विभाग मुख्यतः त्यांच्याच जोरावर चालतो. मुलांच्या कोपराचे फ्रॅक्चर किंवा क्लबफूटचे (जन्मतः आत वळलेल्या पावलाचे) प्लास्टर यांत त्यांच्यातील अनुभवी माणसाचा हात नवीन एम.एस.पेक्षा सफाईदार असतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मलावीत आंब्याच्या मोसमात झाडावरून पडून कोपर मोडलेल्या मुलांची रांग लागते, हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. सी-आर्म आणि वायर नसताना अशा मुलाचा हात सरळ ठेवून त्वचेवरचे ट्रॅक्शन कसे लावायचे, हे याच लोकांकडून शिकावे.

या काळात रुग्णालयाची पाहणीही करावी. ऑटोक्लेव्ह खरोखर तापमान गाठतो का, रक्तपेढीत सरासरी किती पिशव्या असतात, वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात सुरू होतो, एक्स-रेचे साहित्य किती दिवस पुरते आणि भूल कोण देते, हे वहीत लिहून ठेवावे. अनेक ठिकाणी भूलतज्ज्ञ डॉक्टर नसतात आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ स्पायनल किंवा केटामाइनवर काम चालवतात. त्यांना काय सुरक्षितपणे जमते, तीच तुमच्या शस्त्रक्रियांची मर्यादा आहे.

भाषेसाठी रोज अर्धा तास ठेवावा. टांझानियात स्वाहिलीशिवाय आणि मलावीत चिचेवाशिवाय वॉर्डात काम होत नाही. स्वाहिलीत औषधाला ‘दावा’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात, त्यामुळे आपल्याला सुरुवात तरी सोपी जाते. पाय काढण्यासारखा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांशिवाय होत नाही, हेही आपल्याला समजायला अवघड नाही. मात्र अशा बोलण्यात दुभाष्या म्हणून नातेवाइकाला न घेता परिचारिकेला घ्यावे, कारण नातेवाईक कटू शब्द गाळतात.

कोणती शस्त्रक्रिया करावी, कोणती करू नये

बंद फ्रॅक्चर प्लास्टर किंवा ट्रॅक्शनने बऱ्यापैकी जुळणार असेल आणि ऑपरेशन थिएटरच्या निर्जंतुकतेची खात्री नसेल तर चाकू उचलू नये. वाकडे जुळलेले हाड पुढे दुरुस्त करता येते; प्लेटभोवती पू झालेले हाड रुग्णाला अनेक वर्षे छळते आणि काही वेळा पाय घेऊन जाते.

जिथे नेलिंग, म्हणजे हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसवणे, योग्य आहे तिथे साइन नेलची माहिती करून घ्यावी. अमेरिकेतील सर्जन लुईस झर्कल यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या संस्थेने तयार केलेला हा भरीव नेल सी-आर्म आणि विजेवाचून बसवता येईल असा बनवला आहे. रीमिंग, म्हणजे हाडाची पोकळी रुंद करणे, हाताने होते आणि खालच्या स्क्रूची भोके बाहेरून लावलेल्या टार्गेट आर्मच्या आणि खाच शोधण्याच्या साधनाच्या मदतीने सापडतात. सर्जनने प्रत्येक रुग्णाचे एक्स-रे आणि फॉलो-अपची माहिती संस्थेच्या ऑनलाइन नोंदवहीत भरली की वापरलेले नेल विनामूल्य भरून मिळतात. ही अट मला फार आवडते, कारण तिच्यामुळे नोंद ठेवण्याची सवय आपोआप लागते. दान म्हणून येणाऱ्या इतर इम्प्लांटबाबत सावध असावे. एका कंपनीच्या प्लेटा, दुसरीचे स्क्रू आणि तिसरीचा स्क्रूड्रायव्हर अशा पेट्या गोदामांत पडून असतात, आणि शस्त्रक्रियेच्या मध्यावर ही विसंगती लक्षात येणे हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. आदल्या संध्याकाळी सेट स्वतः उघडून, स्क्रू स्क्रूड्रायव्हरला बसतो का हे पाहूनच रुग्णाला यादीत घ्यावे.

उघड्या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे प्रतिजैविक देणे. रुग्ण दारात आल्याबरोबर, एक्स-रेचीही वाट न पाहता पहिला डोस द्यावा आणि हे काम परिचारिकेला लेखी आदेशाने सोपवावे. जखम धुताना जास्त दाबाच्या यंत्राची गरज नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत कमी दाबाने धुण्याचे निकाल तितकेच चांगले आढळले आणि साबणाच्या द्रावणापेक्षा साधे सलाइन बरे ठरले. उंच टांगलेली सलाइनची बाटली आणि भरपूर वेळ एवढे पुरते.

अनेक रुग्ण तुमच्याआधी स्थानिक हाडवैद्याकडे जाऊन आलेले असतात. नायजेरिया आणि इथिओपियातून आलेल्या वैद्यकीय लिखाणात बांबूच्या घट्ट पट्ट्यांमुळे हातपाय काळे पडून कापावे लागलेल्या मुलांची वर्णने आहेत आणि पूर्व आफ्रिकेतही असे रुग्ण दिसतात. तरी या हाडवैद्यांना हिणवण्याने काही साधत नाही. लोक त्यांच्याकडे जातात कारण ते जवळ असतात, स्वस्त असतात आणि नम्रपणे बोलतात. बोटे थंड पडली किंवा बधिर झाली तर बांधणी ताबडतोब सोडावी आणि उघडी जखम असेल तर रुग्ण रुग्णालयात पाठवावा, एवढ्या दोन गोष्टी त्यांना पटवून देता आल्या तरी काही हात वाचतात.

मुले, आणि पाय गमावलेले रुग्ण

क्लबफूटसाठी पोन्सेटी पद्धत यावीच लागते. दर आठवड्याला बदललेली साधारण पाच ते सात प्लास्टरे, बहुतेक मुलांमध्ये टाचेमागच्या कंडरेला (टेंडनला) छोटा छेद, मग तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री घालायचा ब्रेस, असा तिचा क्रम आहे. अपयश येते ते प्लास्टरमध्ये नव्हे, ब्रेसमध्ये. दर वेळी बसभाडे खर्चून येणाऱ्या आईला हे सारे पहिल्याच भेटीत समजावून सांगितले नाही तर पाय पुन्हा वळतो. दुसरा नेहमीचा प्रश्न मुलांच्या हाडातील जुनाट पुवाचा. मेलेल्या हाडाचा तुकडा दिसला की काढण्याची घाई होते, पण त्याभोवती नवे हाड पुरेसे तयार होण्याआधी तो काढला तर मधे पोकळी राहून हाडच तुटते. बऱ्याचदा काही महिने थांबणे हाच योग्य उपचार असतो.

पाय काढण्यापूर्वी कृत्रिम पाय कोठे मिळेल, याची चौकशी झालेली असावी. मोशी येथे कृत्रिम अवयव बनवणाऱ्या तंत्रज्ञांना घडवणारी टाटकोट ही प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे टांझानियात तयार माणसे मिळतात. १९६८ साली डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तयार केलेला जयपूर फूट अनवाणी चालणाऱ्या, शेतात उभे राहणाऱ्या आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी होता, आणि तो पुरवणाऱ्या जयपूरच्या संस्थेची शिबिरे आफ्रिकेतही झाली आहेत. युगांडात १९६०च्या दशकात प्रा. रोनाल्ड हकस्टेप यांनी पोलिओच्या मुलांसाठी स्थानिक कार्यशाळांत साधे कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या चौकटी) बनवून घेतले, तेही याच विचाराने.

शिकवणे आणि सुपूर्त करणे

पहिले सहा महिने झाले की प्रत्येक शस्त्रक्रियेत स्थानिक डॉक्टर किंवा क्लिनिकल ऑफिसर समोर असावा, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत चाकू त्याच्या हातात आणि तुम्ही समोर असे व्हावे. अरुशा येथे मुख्यालय असलेले, १९९९ साली स्थापन झालेले पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेच्या सर्जनांचे महाविद्यालय, म्हणजे कोसेक्सा, मान्यताप्राप्त रुग्णालयांतच सर्जन घडवते. तुमचे रुग्णालय त्याच्याशी जोडलेले असेल तर प्रशिक्षक म्हणून नाव नोंदवावे. शस्त्रक्रियेपूर्वीची सुरक्षा यादी रोज मोठ्याने वाचण्याची पद्धतही याच काळात लावावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अभ्यासात या यादीमुळे मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, त्यातील आठ रुग्णालयांपैकी एक टांझानियातील इफाकाराचे होते. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. अतुल गवांदे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. यादी वाचायला दोन मिनिटे लागतात, म्हणून वेळ नाही ही सबब ऐकून घेऊ नये.

स्वतःच्या कामाची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. त्यात शस्त्रक्रियेचे नाव, इम्प्लांट, कोणी केली, संसर्ग झाला का आणि सहा महिन्यांनी हाड जुळले का, एवढे रकाने पुरेत. परत आल्यावर नोकरीच्या मुलाखतीत याच नोंदी विचारल्या जातात. निघण्याच्या दोन महिने आधी नव्या मोठ्या शस्त्रक्रिया यादीत घेणे थांबवावे. फॉलो-अप बाकी असलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, गाव, फोन क्रमांक आणि पुढची तारीख अशी यादी करून ती पुढच्या सर्जनला, तो आलेला नसेल तर विभागातील सर्वांत जुन्या क्लिनिकल ऑफिसरला, सही घेऊन द्यावी. इम्प्लांटच्या कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच द्यावी.